ड्रेसिंग रूममधली खिरापत

ड्रेसिंगची ट्रॉली दुरूनच कळायची. तिचं एक चाक वाकडं होतं, ते फरशीच्या सांध्यावर अडायचं, आणि तो आवाज आला की आमच्या वॉर्डातल्या बायका बोलायच्या थांबायच्या. ज्यांचं ड्रेसिंग आज नाही त्या पंख्याकडे बघत बसायच्या. ज्यांचं आहे त्या देवाचं नाव घ्यायला लागायच्या, नाहीतर बाथरूमला जायचंय म्हणायच्या. मी बाथरूमवाल्यांपैकी.

माझ्यासारखं रोजचं ड्रेसिंग ज्यांच्या वाट्याला आलं आहे, किंवा ज्यांच्या घरात कोणी ते सोसत आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते. औषधपाण्यातलं मला काही कळत नाही. शुगरवर काय खावं, कोणती गोळी घ्यावी, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. चिमटा आत जात असताना माणसाने आपलं डोकं कुठे ठेवायचं, एवढंच मी सांगू शकते. तेही मला उशिरा कळलं. लिहायला बसलं तरी अजून दमायला होतं, म्हणून तुकड्यातुकड्यांनी लिहिते.

*

मी एसटीत कंडक्टर. परतवाड्याहून धारणीची ड्यूटी वर्षानुवर्षं केली. मेळघाटातली वळणं, खिडकीतून ओकणारी माणसं, कोंबड्या घेऊन चढणाऱ्या बाया, सगळं उभ्याने पाहिलं. पायाचा विचार कधी केला नाही. शुगर होती. गोळी घ्यायचे, आठवण राहिली तर. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी अकोल्याला दिली आहे, त्यामुळे घरात विचारणारं कोणी नव्हतं आणि मी त्याचा पुरेपूर फायदा घेतला.

उन्हाळ्याच्या तोंडाशी नवे बूट घेतले. आत एक बारीक खिळा वर आला होता. तो दिवसभर तळव्यात जात होता आणि मला पत्ता नव्हता. मोजा काढला तेव्हा तो चिकटून आला. दुखत नव्हतं, म्हणून हळद भरली आणि सकाळी ड्यूटीवर गेले. पुढच्या काही दिवसांत ताप भरला, पाऊल सुजलं. मग एकदा सेमाडोहच्या पुढे, शेजारच्या सीटवरची बाई नाकाला पदर लावून खिडकीकडे सरकली. बसमध्ये वास कशाचा येतो आहे हे मी सकाळपासून शोधत होते. तो माझ्या पायाचा होता.

भावाने अमरावतीला नेलं. तिथले डॉक्टर वयस्कर, कमी बोलणारे. त्यांनी हातात टाचणी घेतली.

"टोचतंय का?"

"टोचा ना," मी म्हटलं.

"टोचली. दोनदा टोचली."

खाली वाकून पाहिलं तर तळव्यावर रक्ताचा थेंब होता. आजार कळला तो त्या क्षणी. रिपोर्ट वगैरे नंतर आले. माझ्या स्वतःच्या पायाला कोणी टोचतंय आणि मी "टोचा ना" म्हणते आहे, याची मला भयंकर भीती वाटली.

"गुडघ्याखालून काढावा लागेल," डॉक्टर म्हणाले. भावाने दुपट्ट्याने तोंड पुसलं आणि तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिला. माझ्या मनात पहिलं काय आलं, तर घाटात बस वळताना एका पायावर तोल कसा सांभाळायचा. बाकीचं आयुष्य नंतर आठवलं.

*

जावयाने अकोल्याच्या एका सर्जनची चौकशी केली. तरुण माणूस. त्यांनी पाय उलटसुलट करून पाहिला आणि सरळ सांगितलं, "दोन बोटं जातील. बाकीचा पाय ठेवायचा प्रयत्न करू. पण ऑपरेशननंतर रोज आतपर्यंत साफ करावं लागेल. ते तुम्ही करू दिलंत तर पाय राहील. ओढून घेतलात तर मग माझ्या हातात काही नाही."

मी म्हटलं, करू देईन. बोलायला काय जातं.

ऑपरेशनला भूल दिली तेव्हा माझं हृदय दगा देता देता राहिलं. सगळ्यांची धावपळ झाली, असं नंतर कळलं. त्यामुळे रोज भूल देण्याचा प्रश्नच नव्हता. दुखण्याचं जोरदार इंजेक्शन दिलं की पोटात काही ठरत नव्हतं आणि किडनीही तक्रार करत होती. राहिलं ते साधं, शुद्धीवरचं, उघड्या डोळ्यांचं ड्रेसिंग.

तुम्ही म्हणाल, पाय बधिर होता ना? मलाही तसंच वाटलं होतं. बधिर होता तो तळवा. जखम वर घोट्याच्या दिशेने गेली होती आणि तिथे सगळं कळत होतं. पहिल्या दिवशी मी जी किंचाळले ती खाली रिक्षावाल्यांनी ऐकली असणार. डॉक्टर म्हणाले, "दुखतंय ना? चांगलं आहे. तिथे जीव आहे." मला त्यांना काहीतरी फेकून मारावंसं वाटलं.

आणि पाय मी ओढला. ठरवून नाही हो. चिमटा लागला की पाय आपला आपण मागे यायचा. सिस्टर पुन्हा धरायची, मी पुन्हा ओढायची. अर्धवट साफ करून पट्टी बांधायची आणि उद्या बघू म्हणायचं. असे बरेच उद्या झाले.

*

सगळ्यांनी आपापले उपाय केले. डॉक्टर म्हणाले, डोळे मिटा आणि समुद्रकिनारा आठवा. मी समुद्र पाहिलेलाच नाही. डोळे मिटले की घाटातली वळणं यायची आणि आणखी मळमळायचं. सिस्टरने हातात एक मऊ चेंडू दिला, दुखलं की दाबा म्हणाली. मी तो दाबला आणि पायही ओढला, दोन्ही एकदम. शंभरापासून उलटे आकडे मोजायला सांगितलं. मी आयुष्यभर माणसं मोजली आहेत, आकडे माझे आपोआप निघतात. त्याला डोकं लागत नाही, आणि डोकं मोकळं राहिलं की ते थेट पायात जातं. फोनवर भजन लावून पाहिलं. ते भजन आता कुठेही लागलं तरी मी उठून जाते.

मुलीने एकदा व्हिडिओ कॉल करून नातवाला दाखवलं. ती बाळंत होऊन थोडेच दिवस झाले होते, ती येऊ शकत नव्हती, तिचाही जीव तुटत होता. पण नातवासमोर हसायचं आणि इकडे चिमटा सोसायचा, हे त्यातलं सगळ्यात वाईट ठरलं. फोन बंद केल्यावर मी जास्त रडले. माझी एक विनंती आहे, दुखणाऱ्या माणसाला हसायला लावू नका.

*

माझ्याजवळ राहायला सुमन होती. ती माझी वहिनी, पण त्याआधी मैत्रीण. अचलपुरात आमची घरं एका गल्लीत, एकत्र खेळून मोठ्या झालो, मग तिने माझ्या भावाशी लग्न केलं आणि माझ्यावर हुकूम गाजवायचा रीतसर परवाना मिळवला. भावाचा फुलांचा धंदा आहे. थोडी झेंडूची वावरं आणि बाजारात हारांचं दुकान. हार सुमन करते. ऐन लग्नसराईत ती सगळं टाकून अकोल्याला आली आणि माझ्या खाटेखाली चटई टाकून राहिली.

अकोल्याचं ऊन ज्याने सोसलं आहे त्याला सांगायला नको. वॉर्डातला कूलर पाणी फेकायचा आणि हवा द्यायला विसरायचा. सुमन सकाळी मुलीच्या घरी जायची, तिथे अंघोळ, स्वयंपाक, बाळाचं बघायची, आणि उन्हात डबा घेऊन परत यायची.

त्या दिवशी ती अशीच आली तेव्हा ड्रेसिंग सुरू झालं होतं. ती तशीच आत येऊन उभी राहिली. मी ओरडत होते. चमचा आणला की विसरली हे बघायला तिने घाबरल्या घाबरल्या डबा कानाशी हलवला. आत काहीतरी खुळखुळलं.

"काय हाय वं त्यात?" मी ओरडता ओरडता विचारलं.

"ओळख," सुमन म्हणाली. ती म्हणते, तोंडातून आपोआप निघालं.

"गोड हाय?"

"नाई."

"तळेल हाय?"

"हो."

"शेव."

"नाई."

"चकली असेल," सिस्टर मधेच म्हणाली.

"चकली अशी नाई वाजत, सिस्टर. चकली खडखडते. पुन्ना वाजव वं."

सुमनने पुन्हा वाजवला. मी कान लावला. मी चिवडा म्हटलं, ती हो म्हणाली. मी म्हटलं, लसणाचा का? ती म्हणाली, लसणाचा. तोवर सिस्टर हातमोजे काढत होती. "ताई," ती म्हणाली, "आज तुम्ही पाय ओढला नाही."

*

वऱ्हाडाबाहेरच्या लोकांसाठी सांगायला हवं. आमच्याकडे भाद्रपदाच्या पौर्णिमेला भुलाबाई बसते. महिनाभर पोरी संध्याकाळी घरोघर जाऊन भुलाबाईची गाणी म्हणतात. गाणी झाली की खिरापत, म्हणजे खाऊ. पण तो सरळ मिळत नाही. घरची पोरगी झाकलेला डबा आणून वाजवते आणि बाकीच्यांनी आत काय आहे ते ओळखायचं. प्रश्न विचारायचे, ती हो किंवा नाही म्हणणार. ओळखलं, नाहीतर हरलो म्हटलं, की डबा उघडायचा. आणि उघडल्यावर तिथे असलेल्या प्रत्येकीच्या हातावर खिरापत पडायलाच हवी. एकीलाही वगळायचं नाही.

सुमन लहानपणी या खेळात हुकमी होती. डब्यात कपड्यात गुंडाळून ठेवायची, आवाज बदलायची, नाना लबाड्या. ते सगळं आता तिने माझ्यासाठी बाहेर काढलं. रोज नवा डबा. शेजारच्या खाटेवर बाळापूरच्या काकू होत्या, त्यांच्या टाचेला जखम होती. त्या म्हणाल्या, "वैशाखात भुलाबाई? मंग दिवाई कवा करता, पावसाळ्यात?" पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला पढवून पाठवलं, की आधी मऊ का कडक ते विचारजो, मंग बाकीचं.

यात दुखायचं थांबत नाही, हे आधीच सांगते. कोणी तसं सांगितलं तर विश्वास ठेवू नका. दुखतंच. पण प्रश्न काढायला डोकं लागतं, आणि उत्तर मिळेपर्यंत माणूस थांबतो. तेवढ्या थांबण्यात सिस्टर एक कप्पा साफ करून घ्यायची. ऐकत पडायला लावणाऱ्या कुठल्याच गोष्टीचा मला उपयोग झाला नाही. मी बडबडी बाई. मला विचारायला मिळालं आणि काम झालं. तुमच्या घरातलं माणूस वेगळं असेल. त्याला त्याच्या स्वभावाचं काहीतरी द्या.

*

मग आम्ही आमच्याच हाताने घोळ घातला.

खिरापत वाटावी लागते, हे मी सांगितलं. सुमन लहानपणापासून तशीच वाढलेली. ड्रेसिंग झालं की ती डबा घेऊन वॉर्डभर फिरायची, खाटेखाटेवर. गुळपापडी, तिळाचे लाडू, बुंदी, एकदा तर गुळाचे अनारसे, उन्हाळ्यात! मी एक कण तोंडात टाकायची. बाकीच्या कण कशाला टाकतील? आणि आमच्या त्या वॉर्डात बहुतेक सगळ्या शुगरच्याच बाया होत्या.

सकाळच्या तपासण्यांत सगळ्यांची शुगर चढायला लागली. डॉक्टर बिचारे चक्रावले. इन्सुलिन वाढवलं, जेवणाच्या कंत्राटदाराला झापलं, मशीन बदलून पाहिलं. मग एका राउंडला बाळापूरच्या काकूंच्या उशीखाली त्यांना अर्धा लाडू सापडला.

"हे काय आहे?"

"भुलाबाईचा परसाद," काकू म्हणाल्या. "त्याले नाई म्हनते काय कोनी?"

डॉक्टर आमच्याकडे वळले. इतक्या दिवसांत मी त्यांना आवाज चढवताना पाहिलं नव्हतं. "मी इथे पाय वाचवायला धडपडतोय आणि तुम्ही वॉर्डात पंगती घालताय! एकेकीची जखम मागे चालली आहे. कळतंय का तुम्हाला?"

"परत्येकीले द्याच लागते ना, डॉक्टर साहेब," सुमन अगदी हळू म्हणाली. "एकीले देल्लं अन् एकीले नाई, असं कसं?"

डॉक्टरांनी तो अर्धा लाडू सिस्टरच्या हातात दिला. मग म्हणाले, "उद्यापासून ड्रेसिंग रूममध्ये डबा नको."

त्यांचं चुकलं नाही. आज हे लिहिताना थोडं हसू येतं, पण काकूंची टाच त्यानंतर बरेच दिवस भरली नाही, आणि ते आठवलं की हसू थांबतं.

*

डब्याशिवायची ड्रेसिंग्ज मला आठवायची नाहीत. एकदा मी पाय इतक्या जोरात ओढला की ट्रे उडाला आणि सगळी हत्यारं फरशीवर पडली. सिस्टरच्या हाताला कापलं. तिने ते धुतलं आणि ती बाहेर जाऊन बसली.

शनिवारी डॉक्टर माझ्या खाटेवर बसले. राउंडला कोणी बसत नाही, त्यामुळे मला आधीच कळलं.

"आत पुवाचा एक खिसा राहिलाय," ते म्हणाले. "वर सरकतोय. सोमवारी मी स्वतः तो पूर्ण उघडणार. तुम्ही स्थिर राहिलात तर अर्ध्या तासाचं काम आहे. नाही राहिलात तर मी आणखी वाट बघू शकत नाही, ताई. जोखीम घेऊन भूल द्यायची आणि गुडघ्याखालून काढायचा. भावाला बोलावून घ्या."

सिस्टर मागे उभी होती, बोटाला पट्टी. ती म्हणाली, "सर, डब्यात खायचं ठेवलं नाही तर?"

डॉक्टर मागे वळले. "खायचं नसेल तर माझी काही हरकत नाही. मला पाय स्थिर हवाय."

रविवारच्या ड्रेसिंगला सुमनने डब्यात काकूंची बांगडी ठेवली. मी ओळखली. पाय बऱ्यापैकी जागेवर राहिला. पण मला बांगडी फार लवकर कळली आणि पुढचा वेळ रिकामा गेला, म्हणून मी खाटेवर आल्यावर तिच्यावर चिडले.

"बांगडी काय ठेवतं? थे तं कोनालेबी कळते. जरा डोकं लावून ठेवत जा ना."

सुमन पायाजवळची चादर नीट करत होती. ती थांबली.

"तुले निस्तं ओळखाचं हाय, शोभे. मले डब्बा बी भरा लागते."

"मंग जा घरी. मी बोलावलं होतं का?"

"जाते ना. पाय सोबत घेऊन जाऊ का तुया?"

थोड्या वेळाने तिचा फोन वाजला. भाऊ होता. ती व्हरांड्यात गेली तरी मला ऐकू येत होतं. लग्नाच्या ऑर्डरी परत कराव्या लागत होत्या, तो उद्या यायला निघणार होता, फुलं वावरातच वाळत होती. "मी काय करू? मले दोन जागी राह्यता येते काय?" एवढंच ती म्हणाली, पण आवाजात काही उरलं नव्हतं. आत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. मी विचारलं नाही. माझ्यातही विचारण्याएवढी ताकद नव्हती. आजारी माणूस थकतो ते सगळ्यांना दिसतं. सोबतचं माणूस थकलं तर त्याला साधी खाटही मिळत नाही.

*

सोमवारी मला टेबलावर घेतलं तेव्हा सुमन आलेली नव्हती. बाळाला ताप होता म्हणून ती सकाळपासून मुलीकडे अडकली होती. भाऊ दाराबाहेर उभा होता. डॉक्टरांनी हात धुतले, दिवा ओढला. सिस्टरने माझा घोटा धरला. मी छताकडे बघत होते आणि पाय आधीच मागे ओढायला लागले होते, अजून चिमटा लागला नव्हता तरी.

दार उघडलं. सुमन आत आली, घामाने निथळत, डबा टॉवेलात गुंडाळलेला. डोक्याशी येऊन उभी राहिली.

"चला," डॉक्टर म्हणाले.

"वाजव," मी म्हटलं.

तिने डबा हलवला. काहीच वाजलं नाही.

पहिली कळ लागली तेव्हा मी ओरडले, पण ओरडता ओरडता विचारलं, "लोखंडाचं हाय?"

"नाई."

"लाकडाचं?"

"नाई."

"मऊ हाय मंग. कापूस?"

"नाई."

"पुन्ना वाजव." तिने वाजवला. आवाज नाही. कापडात गुंडाळलं असणार, मला तिच्या सगळ्या लबाड्या ठाऊक. "आत कापडात गुंडाळलं काय तू?"

"नाई."

डॉक्टर आत कुठेतरी खोल गेले होते. मला पांढरं दिसायला लागलं. मी सुमनचा पदर धरला. "फूल हाय? झेंडू?"

"नाई वं."

"पान? पीस? कागद?"

"नाई. नाई. नाई."

"दवाखान्यातलं हाय?"

"नाई."

"माया घरातलं?"

"नाई." तिचा आवाज कापत होता. मला वाटलं मी जवळ आले आहे. ओळखत आलं की समोरचीचा आवाज बदलतो, हे लहानपणीचं ज्ञान. मी आणखी जोरात विचारायला लागले. पापड, पावडर, धागा, रांगोळी, लहान बाळाचं टोपडं, उदबत्तीची राख. मी डब्यात मावेल असं सगळं जग विचारलं. मधे मधे नुसती ओरडत होते, मग पुन्हा विचारत होते. घोट्यावरची सिस्टरची बोटं हळूहळू सैल होत गेली, ते मला तेव्हा कळलं नाही.

"झालं," डॉक्टर म्हणाले.

मला ते खरं वाटलं नाही. त्यांनी मास्क खाली केला. त्यांचाही शर्ट भिजला होता. "पूर्ण उघडलं. आत सगळं लाल आहे, छान आहे. पाय राहतोय, ताई."

कोणीतरी दार उघडून भावाला सांगितलं. मी तशीच पडून होते. रडूही आलं नाही. मग सुमनला म्हटलं, "हरली मी. उघड."

"ऱ्हाऊ दे."

"ऱ्हाऊ दे काय? हरली म्हटलं ना. उघड."

तिने डबा माझ्या पोटावर ठेवला. मी टॉवेल सोडला, झाकण काढलं. डबा रिकामा होता. स्वच्छ घासलेला, कोरडा, एक दाणासुद्धा नाही.

"हे काय वं?"

"काय ठेवू?" ती म्हणाली. "सकाळपासून इचार करून राहिली, काईच नाई सुचलं मले. बाळ रडत होतं, डब्बा तसाच उचलला अन् आली. इथं दारात आल्यावर ध्यानात आलं का याच्यात काईच नाई."

"मंग सांगाचं ना, आज काई नाई म्हनून."

"सांगतलं असतं तं तू पाय ओढला असता."

मी इतकं सगळं विचारलं होतं. तिने एकदाही खोटं उत्तर दिलं नव्हतं. डब्यात काही आहे का, एवढंच विचारायचं मला सुचलं नव्हतं.

सुमन टेबलाला टेकून तिथेच फरशीवर बसली. मी हात खाली सोडला, तो तिच्या डोक्यापर्यंत पोचला. केस चिकट झाले होते, कधी धुतले होते कोण जाणे. सिस्टर पट्टी गुंडाळत होती.

"हलू नका ना, ताई," ती म्हणाली.

मी हलत नव्हते. माझा हात सुमनच्या डोक्यावर होता, आणि ती हमसून हमसून रडत होती.